दादाचा डबा, भाऊचं झाकण

झाकणाच्या कडेखाली तर्रीच्या लाल तेलाचा एक थेंब जमला होता. तो लगेच पडला नाही. आधी कडेला धरून पसरला, मग डावीकडे बोटभर सरकला, तिथे थोडा फुगला आणि मगच सुटला. प्रेमिला त्याच्याकडे बराच वेळ पाहत होती. त्याच डब्यात काल दिवसभर पाणी भरून तो आडवा ठेवला होता, तेव्हा कडेला ओलसुद्धा आली नव्हती. पाणी प्लॅस्टिकपासून अंग चोरून राहतं. तेल त्याला बिलगतं आणि केसभर फट मिळाली की वाट काढतं. नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत ती मुलींना हेच शिकवायची. शिकवताना मात्र तेलाखाली चंद्रकलावहिनीची धुतलेली चादर नसायची.

"गळला काय?" मागून बाबनरावांनी विचारलं.

"थेंब आला, दादा."

"मंग झाकणाची चूक आहे. त्याले सांग."

'त्याले' म्हणजे धाकट्या भावाला, ईश्वरदासला. ईश्वरदास त्याच खोलीत, मशीनच्या पलीकडच्या अंगाला उभा होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. तरी प्रेमिला मशीनला वळसा घालून पलीकडे गेली आणि म्हणाली, "भाऊ, दादा म्हणते झाकणाची चूक आहे."

"त्याले म्हणा झाकण ठीक आहे. आपल्या डब्याची कोर पाह्य म्हणा."

ती वळसा घालून परत आली.

आता हे असं का, ते कळायला या घरची वाटणी ठाऊक असावी लागते. त्यांचे वडील जागेश्वर हे जुने विणकर. गांधीबागेच्या मागच्या वस्तीत त्यांच्या मागांची खटखट पहाटेपासून चालायची. पुढे गिरणीच्या स्वस्त लुगड्यांपुढे हातमागाचं लुगडं कोणी विचारेना, तेव्हा जागेश्वरांनी मागांचे खड्डे मुरूम टाकून बुजवले आणि त्या जागी प्लॅस्टिकचं हातमशीन आणून बसवलं. वर दाणा टाकायचा, तो तापून पातळ झाला की लांब दांडा खाली ओढायचा, आणि साच्यात डबा तयार व्हायचा. साचे दोन होते. एकातून डबा निघे, दुसऱ्यातून झाकण. म्हातारा होता तोवर डबे बरे खपले.

म्हातारा गेला आणि तेराव्याच्या पंगतीत कोणाला आधी वाढलं यावरून दोघा भावांचं बिनसलं ते बिनसलंच. वाटणीला पंच बसले. सगळे विणकर, सगळे सज्जन. त्यांनी जन्मभर माग वाटले होते, साचे कधी वाटले नव्हते. घर अर्धं केलं, अंगणात भिंत घातली, मशीन एक आड एक दिवस दिलं. मग लोखंडाचे ते दोन गोळे समोर आले. दोन भाऊ, दोन साचे. एका पंचानं तराजू मागवून दोन्ही तोलूनसुद्धा पाहिले. वजन जवळपास सारखं भरलं, तेव्हा सगळ्यांना फार समाधान वाटलं. थोरल्याला डबा, धाकट्याला झाकण. इतकी न्यायाची वाटणी वस्तीत दुसरी झाली नाही, असं म्हणत पंच जेवून उठले.

दोघांचं एकमेकांशी बोलणं तेव्हापासून बंद होतं. बायकांचं नव्हतं, त्या भिंतीवरून भाजीच्या वाट्या देत-घेत होत्या. पण निरोप बायकोनं नेला तर त्यात ती आपलं मीठ घालेल, म्हणून पंचांनीच सांगून ठेवलं होतं की निरोप प्रेमिलानं न्यायचे. बहीण दोघांचीही सारखी. शिवाय तिची खोलीही सोयीची होती. अंगणातली भिंत बांधत आणली ती बरोबर त्या खोलीपाशी येऊन थांबली, त्यामुळे खोलीला एक दार दादाच्या बाजूला आणि एक भाऊच्या बाजूला होतं. एम.एस्सी. झालेली, तिशीकडे झुकलेली प्रेमिला त्या खोलीत राहत होती, म्हणजे सगळं घर तिच्यातून ये-जा करत होतं.

निरोप ती तंतोतंत पोचवायची. प्रयोगशाळेत जसं एका भांड्यातलं दुसऱ्या भांड्यात ओतताना थेंब सांडू देत नाहीत, तसं. शिवी असेल तर शिवी, तिच्या जागी, तिच्या वजनाची.

तिचा स्वतःचा असा एकच विषय होता, आणि तो तिनं घरात काढलेला नव्हता. तिची कॉलेजातली मैत्रीण जयवंता चंद्रपूरला मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रमुख झाली होती. आपल्या हाताखालची जागा ती दर वर्षी प्रेमिलासाठी अडवून धरायची आणि दर वर्षी विचारायची. कॉलेजची प्रयोगशाळा, राहायला एकच दार असलेली खोली. प्रेमिला दर वर्षी म्हणायची, एवढं घरचं मार्गी लागू दे, मग सांगते. या उन्हाळ्यात जयवंता स्वतः येऊन गेली. तिनं शांतपणे सांगितलं की आता संस्थेचे लोक ऐकत नाहीत, जूनच्या शेवटच्या सोमवारी ती पुन्हा नागपुरात येईल, तेव्हा हो किंवा नाही. दोन्हींपैकी काही न बोलणं म्हणजे नाहीच.

प्रेमिलानं मान हलवली. ती मनोहररावांच्या ऑर्डरकडे डोळे लावून बसली होती. ती ऑर्डर पार पडली तर दोन्ही चुली चालतील, आणि मग तिला जाता येईल. नाही पडली तर मशीन विकावं लागणार होतं, आणि मशीन विकायचं तर त्याच्या पुन्हा दोन वाटण्या आल्या. तेवढे निरोप नेता नेता ती म्हातारी झाली असती.

मनोहररावांची खानावळ होती. झणझणीत रस्सा, वर बोटभर तर्री. गांधीबागेतल्या कापडाच्या गाद्यांवर आणि रामदासपेठेतल्या ऑफिसांत त्यांचे डबे जात. पितळी डबे गळत. कोणाच्या फाइलीवर तर्री, कोणाच्या पांढऱ्या थानावर. लोक रस्सा सोडायला तयार नव्हते आणि कपडेही सोडायला तयार नव्हते. मनोहरराव म्हणाले होते, "मले टक करून बसणारं झाकण पाह्यजे. पाणी भरून दाखवू नका. रस्सा भरून दाखवा."

प्रेमिलानं चित्र काढलं होतं. डब्याच्या कोरेला बाहेरून बारीक कंगोरा, झाकणाला आतून तशीच खाच. झाकण दाबलं की थोडं ताणतं, कंगोऱ्यावरून उतरतं आणि खाचेत बसतं. सगळं गणित त्या ताणात होतं. चित्र बरोबर होतं, दोन्ही साचे त्याप्रमाणे कातून आणले होते, फक्त ताण केसभर कमी पडत होता. म्हणजे दोनपैकी एका साच्याला केसभर खरवडायचं होतं. डब्याचा खरवडला तर डबा केसभर मोठा, झाकणाच्या साच्याचा आतला गाभा खरवडला तर झाकण आतून केसभर लहान. कोणीही एकानं केलं असतं तरी काम झालं असतं.

हे तिनं दोघांना सांगितलं. दादा म्हणाले, माझा डबा बरोबर आहे. भाऊ म्हणाला, माझं झाकण बरोबर आहे. दोघंही खरंच बोलत होते, आणि रस्सा गळत होता.

दोन दिवसांनी झाकण बसेना.

आधी बाबनरावांनी तळहातानं दाबलं, मग कोपरानं, मग डबा जमिनीवर ठेवून गुडघ्यानं. मनोहरराव मुद्दाम बघायला आले होते आणि धुतलं धोतर नेसून समोरच खुर्चीवर बसले होते. झाकण एका बाजूनं बसलं, दुसऱ्या बाजूनं उडालं, आणि आतल्या रश्श्यानं मोकळा मिळाला तो रस्ता धरला. मनोहररावांनी खाली पाहिलं. खानावळीच्या माणसाला तर्रीचा डाग जात नाही हे कोणी सांगावं लागत नाही. चंद्रकलावहिनींनी डागावर चोळायला चुन्याची डबी आणून दिली, ती त्यांनी तशीच हातात धरून ठेवली.

संध्याकाळी दादा प्रेमिलाच्या खोलीत आले. दार लोटून घेतलं. हळू आवाजात म्हणाले की म्हटलं भांडण कशाला, आपणच साचा केसभर खरवडून आणला इतवारीतल्या लेथवाल्याकडून. "पण त्याले सांगू नको. चढून बसंन."

ते गेले आणि दुसऱ्या दारातून भाऊ आला. त्यानंही दार लोटून घेतलं. त्यानंही खरवडून आणला होता. त्याच लेथवाल्याकडून. "दादाले कळू देऊ नको वं."

दोघांनाही एकमेकांसाठी काहीतरी करावंसं वाटलं होतं, हे पाहून दुसऱ्या कोणाचा ऊर भरून आला असता. प्रेमिलानं केस मोजले. दोन झाले होते.

आता काढलेलं लोखंड परत येत नाही. साच्यात पितळेची बारीक कडी ठोकून बसवावी लागते. ती कडी कोणी एकानंच बसवावी, दुसऱ्यानं साच्याला हात लावू नये, असं तिनं दोघांना वेगवेगळं, नावं न घेता, समजावलं. दादा हसले. "हे तो म्हणते ना? मले काय कळत नाही काय?" भाऊ हसलाही नाही. म्हणाला, "दादाची भाषा मले बरोबर समजते. म्हणजे त्यानं काही करायचं नाही, अन् नाव माझं खराब." ती म्हणाली, हे मी म्हणते आहे. त्यावर भाऊनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू पोस्टाची पेटी बोलली.

पुढच्या रविवारी दोन्ही साच्यांत कड्या होत्या. दोन्ही केस भरून निघाले, आणि झाकण पुन्हा सैल झालं. पण प्रेमिला शाळेच्या फेरपरीक्षेचे पेपर काढत होती, तिनं पाहिलं नाही, आणि दादांनी उत्साहात डबा भरून मनोहररावांच्या सायकलच्या कॅरिअरला बांधूनही दिला. मनोहरराव सीताबर्डीपर्यंत गेले, तिथून उलटे आले. डबा रिकामा होता. सायकलच्या साखळीला मात्र इतकं छान तेल मिळालं होतं की ती महिन्याभरात प्रथमच आवाज न करता फिरत होती. मागे येणारी दोन कुत्री दारापर्यंत पोचवायला आली होती.

"बाबनराव," मनोहरराव सायकल भिंतीला टेकवत म्हणाले, "आता पुढच्या रविवारी शेवटचं. नाहीतर मी बम्बईचा डबा मागवतो. तो भी गळते म्हणतात, पण तिथं भांडण नाही."

पुढचा रविवार म्हणजे जूनच्या शेवटच्या सोमवारचा आदला दिवस.

त्या आठवड्यात साऱ्या वस्तीत स्कायलॅबची चर्चा होती. आकाशातून पडणार, कुठे पडेल सांगता येत नाही. शेजारच्या बायका प्रेमिलाला विचारत, कारण ती सायन्सवाली. ती सांगायची की नागपुरावर पडण्याची शक्यता फार कमी आहे. सांगताना आपल्या आवाजात थोडी निराशा येते आहे, हे तिच्या लक्षात आलं.

बुधवारी ती फेरपरीक्षेच्या जादा वर्गात फळ्यापुढे उभी राहून आम्ल आणि अल्क शिकवत होती. निळ्या लिटमसला आम्लात टाका, तो लाल होणार. दर वेळी होणार. त्यात त्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. खडू हातात असतानाच ती मध्येच थांबली. मुली वाट पाहत राहिल्या.

दादांना भाऊच्या नावानं जे सांगावं, त्याच्या नेमकं उलट दादा करतात. भाऊला दादाच्या नावानं जे सांगावं, त्याच्या नेमकं उलट भाऊ करतो. इतकी वर्षं ती हे पाहत होती. अपवाद एकही नव्हता. शाळेतल्या रसायनांनी तिला इतका विश्वास कधी दिला नव्हता.

संध्याकाळी ती घरी आली, हातपाय धुतले आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटा निरोप घेऊन दादांच्या दारात उभी राहिली.

"दादा, भाऊ म्हणते, साच्याले दादानंच हात लावला पाह्यजे."

"असं?" दादांनी अडकित्ता खाली ठेवला. "मंग त्याले सांग, आता माझा हातच नाही लागत."

मग ती आपल्या खोलीतून पलीकडच्या दारात गेली.

"भाऊ, दादा म्हणते, साच्याले हात लावशील तर पाहजो."

ईश्वरदासनं पायात चपला अडकवल्या आणि साचा बगलेत मारून तो इतवारीच्या रस्त्याला लागला. ती दारात उभी राहून पाहत होती. त्या रात्री ती जेवली नाही. वहिनींना तिनं डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

रविवारी चंद्रकलावहिनींनी चुलीवरून रस्सा थेट डब्यात ओतला. झाकण ठेवलं, अंगठ्यानं दाबलं. टक.

मनोहररावांनी डबा आडवा केला, उलटा केला, हलवला. मग खिशातला पांढरा रुमाल जमिनीवर पसरून त्यावर डबा पालथा घातला आणि सगळे रुमालाभोवती उकिडवे बसले, नाग निघायची वाट पाहावी तसे. चहा आला, चहा संपला. रुमाल पांढराच होता. मनोहररावांनी डबा सायकलला बांधला, खड्डे शोधत शोधत सीताबर्डीला जाऊन आले, आणि परत येऊन दोन्ही भावांच्या हातावर पेढा ठेवला. एकाच पुड्यातला, पण वेगवेगळा.

प्रेमिला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. उद्या जयवंता येणार होती. आपल्याला हो म्हणता येईल, हे तिला हळूहळू, पायाकडून वर चढत आल्यासारखं जाणवत होतं.

मग मनोहररावांनी विचारलं, शेवटी जमवलं कोणी?

"मी तर हातच नाही लावला," दादा मनोहररावांकडे पाहून म्हणाले. "निरोप आला होता, दादानंच हात लावला पाह्यजे म्हणून. म्हटलं, हुकूम चालवते काय? बसलो गप."

"मनोहरराव," भाऊ म्हणाला, "मी असा निरोप धाडलाच नाही. उलट मलेच धमकी आली होती, हात लावशील तर पाहजो म्हणून."

"मी कधी धमकी देल्ली बे?"

बोलून झाल्यावर दादांच्या लक्षात आलं की आपण ईश्वरदासकडे पाहून बोललो. ईश्वरदासच्याही लक्षात आलं. मशीनच्या दोन अंगांना दोघं तोंडं उघडी ठेवून उभे राहिले.

"दादा, तू नव्हतं म्हटलं?"

"नाही गा. तू?"

"आईची शप्पत."

मग दोघांनी एकदमच प्रेमिलाकडे पाहिलं. तिनं सांगितलं की हो, ते दोन निरोप खोटे होते, तेवढे दोनच. पण 'तेवढे दोनच' हे शब्द कोणाच्या कानात शिरले नाहीत. दादा पुढे सरकले होते. त्यांनी विचारलं, माझ्या पोरीच्या बारशाला तू का आला नाहीस? भाऊ म्हणाला, तुझाच निरोप होता, की गर्दी नको. प्रेमिलाला तो निरोप आठवत होता. दादा कडुनिंबाची काडी चावत अंगणात उभे होते आणि तोंडातली काडी न काढताच त्यांनी तो सांगितला होता.

"मी सख्ख्या भावाले असं म्हणीन काय गा?" दादांचा आवाज भरून आला.

"मले वाटतच होतं, दादा. हे आपल्या दादाचं बोलणं नाही."

"अन् विहिरीच्या दोराचं?"

"ते भी मी नाही म्हटलं."

एकेक निरोप निघाला. एकेक त्यांनी पुसून टाकला. वर्षानुवर्षांचं भांडण त्यांनी मशीनला वळसा न घालता, पाऊण तासात, सगळंच्या सगळं तिच्या पदरात घातलं आणि स्वतः धुतल्यासारखे स्वच्छ झाले. दादा डोळे पुसत होते. भाऊ त्यांच्या पाया पडला. मनोहरराव म्हणाले, शिकलेल्या पोरीनं घर फोडू नये. ते प्रेमळपणे म्हणाले, त्यामुळे जास्त लागलं.

प्रेमिलानं बोलायला तोंड उघडलं. प्रत्येक निरोप, त्याचा दिवस, त्याचे शब्द तिच्याकडे होते. तेवढ्यात चंद्रकलावहिनींनी मागून तिचा हात धरला. वहिनींना सगळं खरं माहीत होतं. अर्धे निरोप त्यांच्यासमोर दिलेले होते.

"राहू दे वं," त्या कुजबुजल्या. "घेऊन टाक अंगावर. एक झाले ना दोघं. तुझं काय जाते त्यात?"

प्रेमिलानं तोंड मिटलं. आपलं काय जातं, याचा ती खरोखरच हिशेबानं विचार करू लागली.

तिकडे दोघं भाऊ डब्यावर वाकले होते. भाऊ झाकण उघडत-लावत होता आणि दादा कौतुकानं पाहत होते.

"ईश्वर, माझी तर काही मेहनत लागली नाही त्यात. मले बरं नाही वाटत. मी भी साचा केसभर काढतो."

"काढ ना दादा. तू काढतं तर मंग मी भी अजून केसभर काढतो. एकदम पक्कं होऊन जाईन."

"दोघं मिळून."

"दोघं मिळून."

मनोहररावांनी मान डोलावली. त्यांना ही भावांची गोष्ट फार आवडली होती, आणि त्यांनी आजही धुतलं धोतर नेसलं होतं. दादांनी सवयीनं मागे वळून पाहिलं. आता राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. माफ करून टाकलेल्या माणसाकडे पाहावं तसे ते पाहत होते.

"काय वं, सायन्सवाली? बरोबर आहे ना?"

दोघांनी खरवडलं की काय होतं, ते तिच्या जिभेवर आलं होतं. एकच वाक्य होतं. ते ऐकून दादांनी म्हटलं असतं, हे भाऊचं बोलणं दिसते. भाऊनं म्हटलं असतं, हे दादाचं. मग पुन्हा दोन दारं, पुन्हा वळसा. तिनं ते वाक्य गिळलं. इतकी वर्षं लोकांची वाक्यं पोचवून तिला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहिला नव्हता, त्यामुळे पुढचं वाक्य तिच्या तोंडून अंमळ मोठ्यानंच निघालं.

"दादा, भाऊ, मी चंद्रपूरच्या कॉलेजात नोकरी धरली. उद्या जयवंताबरोबर चालली."